उष्ट्या चमच्याचा अहवाल

माणसांच्या थुंकीवर माझं पोट चालतं, तेव्हा किळस आली म्हणायचा मला काय अधिकार, असं कुणालाही वाटेल. वाटू दे. मी विदुला हेर्लेकर, मिरजेतल्या सुगम रेणुनिदान या प्रयोगशाळेची प्रमुख. रक्त, थुंकी, शौच, गाठींचे तुकडे, कशालाही मी आजवर नाक मुरडलेलं नाही. कामावर नवीन येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते, ट्यूबमध्ये आहे ती घाण नाही, ते एका घाबरलेल्या माणसाचं उत्तर आहे. मला किळस यायला लागली ती अलीकडे, आणि ती ट्यूबमधल्या मालाची नाही, तो आणून देणाऱ्यांची.

झालं असं की उष्टं वाचता यायला लागलं.

आपण चमचा तोंडात घालून बाहेर काढतो तेव्हा गालाच्या आतल्या नाजूक कातडीच्या थोड्याशा पेशी त्याला चिकटून येतात. त्या प्रत्येक पेशीत आपला सगळा डीएनए असतो. पण इतक्या थोड्या पेशींतला डीएनए वाचायला पुरत नसे, म्हणून आधी त्याच्या नकला काढाव्या लागत, एकाच्या दोन, दोनाच्या चार, असं करत कोट्यवधी. नकला काढणारं विकर, म्हणजे एन्झाइम, कंटाळलेल्या कारकुनासारखं वागायचं. तोच मजकूर ओळीनं पुन्हा पुन्हा आला की मध्येच एखादी ओळ गाळून मोकळं व्हायचं. त्यामुळे उष्ट्या कपावरून माणूस कोण ते कळे, पण काही रोग खात्रीनं सांगता येत नसत. मग न गाळणारं एक नवं विकर सापडलं. त्याच सुमारास वाचणारं यंत्रही लहान झालं. डीएनएचा धागा एका अतिसूक्ष्म भोकातून ओवायचा, प्रत्येक अक्षर सरकताना विजेचा प्रवाह निराळा हलतो, त्यावरून अक्षर ओळखायचं. आमच्या टेबलावरचं हे यंत्र मिक्सरएवढं आहे. सकाळी त्यात चमच्यावरून फिरवलेला कापसाचा बोळा घातला तर संध्याकाळपर्यंत ते माणसाची होऊ घातलेली दुखणी सांगतं.

हे सगळं चांगल्यासाठीच शोधलं गेलं. तान्ह्या बाळाला सुई टोचायला नको, अंथरुणावरच्या म्हाताऱ्याची शीर शोधायला नको. पण चमच्यावरून रोग कळतो म्हटल्यावर लोकांनी चमचे चोरायला सुरुवात केली.

आमच्याकडे सासूची कवळी बुडवलेलं पाणी आलं. धंद्यातल्या भागीदारानं ओढून टाकलेलं थोटूक आलं. साखर कारखान्याच्या निवडणुकीतल्या विरोधकानं चघळून थुंकलेलं उसाचं चिपाड एक गृहस्थ पुडीत बांधून घेऊन आले, ते इतक्या भक्तिभावानं की मला वाटलं अंगाराच आहे. एका बाईनं होऊ घातलेल्या भाडेकरूच्या मुलानं चोखून टाकलेली लॉलीपॉपची काडी आणली होती. त्या मुलाला काही आजार निघाला तर घर देणार नव्हत्या. मी त्यांना हाकलून दिलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी तीच आमच्या सांगलीच्या संकलन केंद्रावर दिलं.

कायदा आहे. नमुना माझाच आहे असं सांगून अंगठा उठवावा लागतो. पण भरघोस मिश्यांचा इसम ‘स्त्री, वय सत्तर’ अशा नमुन्यासाठी आपला अंगठा उठवतो आणि केंद्रावर कुणी मान वर करून बघत नाही. मालकांकडे मी तक्रार करून पाहिली. ते गोड हसले आणि म्हणाले, मॅडम, आपण कोर्ट नव्हे, प्रयोगशाळा आहोत.

आता सांगलीत चहावाल्यांनी ठेल्याशेजारी शेगड्या ठेवल्यात, कागदी कप गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत जळतो. मंगल कार्यालयांच्या दारात पाट्या लागल्यात की पत्रावळी पाहुण्यांसमोर जाळण्यात येतील. लोक न्हाव्याकडून स्वतःचे केस पिशवीत भरून नेतात. नवरानवरी एकमेकांना घास भरवतात आणि लगेच बोटं पुसून कागद आपापल्या खिशात घालतात, मंडपात टाळ्या चालू असतानाच. आमच्या आजीच्या पिढीला दुसऱ्याच्या उष्ट्याचा विटाळ होता. आम्हाला स्वतःच्या उष्ट्याची धास्ती. मी हे सगळं बघते आणि मला मळमळतं, दुसरा शब्द नाही. कारण या सगळ्या घाणीच्या उगमाशी माझं टेबल आहे.

आणि मलाही ही धास्ती आहेच. इतरांपेक्षा जास्त आहे.

माझी आई हंटिंग्टनच्या रोगानं गेली. आपल्या प्रत्येकाच्या चौथ्या गुणसूत्रावर एका जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा ओळीनं पुन्हा पुन्हा येतो. तो पस्तिसापेक्षा कमी वेळा आला तर काही बिघडत नाही. चाळीस किंवा त्याहून जास्त वेळा आला की रोग होणारच, फक्त कधी ते सांगता येत नाही. मेंदूतल्या पेशी मरत जातात, हातपाय आपल्या मनानं नाचायला लागतात, मग जीभ जड होते, मग विचार जातात. औषधं आली आणि गेली, गुण कशानंच आला नाही. आईबापांपैकी एकाला असला तर मुलाला असण्याची शक्यता निम्मी. पण ज्या मुलाला तो आला नाही त्याच्या पोराबाळांना तो येत नाही, तिथे तो संपतो.

आईचं बावन्नाव्या वर्षी सुरू झालं. ताट तिच्या हातून निसटायचं, भात भिंतीवर उडायचा. कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, चोरून पिते. माझ्या सख्ख्या काकूनं तिचं ताटवाटी वेगळं काढलं आणि ते आमच्या मोरीतसुद्धा घासू दिलं नाही, बाहेरच्या नळावर ठेवायची. आईला मी भरवायचे. अर्धा घास माझ्या ओंजळीत परत यायचा. मला त्याची कधी किळस आली नाही, काकूची मात्र आली आणि ती तिच्या तेराव्यालाही गेली नव्हती.

तपासणी माझ्या हाताशी होती, आजही आहे. मी केली नाही. आमच्याकडे एक शिक्षक आले होते, हाच रोग, चाळीशी नुकती ओलांडलेली, हातातला खडूही न थरथरणारा माणूस. त्यांना मी निदान सांगितलं आणि त्या दिवसापासून ते आजारी पडले. रोग आला पुष्कळ नंतर. मधली सगळी चांगली वर्षं त्यांनी हातांकडे बघत घालवली. मला ती वर्षं हवी होती. मी शार्दूलला, माझ्या मुलाला, तो कॉलेजात असताना सगळं समजावून सांगितलं होतं, आणि हेही सांगितलं होतं की मला माझं कळायला नको आहे, तुला तुझं कळून घ्यायचं असेल तर तो तुझा प्रश्न. त्याचे वडील तेव्हा नुकतेच गेले होते. तो म्हणाला, मलाही नको.

तसं बघितलं तर मीही काही साधुसंत नाही. रोज सकाळी दात घासून झाले की न्हाणीच्या खिडकीतल्या उजेडात मी उजवा हात पुढे धरते, बोटं पसरते आणि बघते. तपासणी नको म्हणणारी बाई रोज तपासणी करते. बोटं स्थिर असतात, मग मी चहा टाकते. यंदा मी पन्नाशीची झाले.

सावधपणा अंगवळणी पडला होता. कुठेही गेले तरी पाणी माझ्या बाटलीतलं, चहा घेतला तर कप मीच विसळणार. शार्दूल आणि त्याची बायको केतकी सांगलीत राहतात, त्यांच्याकडेही तेच. हे त्यांच्यावरच्या संशयापोटी नव्हतं, हात धुवावेत तशी सवय होती. केतकीला ते लागायचं. एकदा ती हसत हसत म्हणाली होती की आई, आमच्या घरचं तुम्हाला सोवळ्यात बसत नाही वाटतं. मी विषय बदलला.

एकदाच मी हयगय केली, ती अबोलीच्या उष्टावणाला.

अबोली माझी नात. सहा महिने पुरे झाले म्हणून तिचं उष्टावण होतं. पहिला घास मामानं भरवायचा, हे सगळीकडेच असतं. आमच्या घरात त्याआधी आणखी एक आहे, माझ्या सासूबाईंकडून आलेलं. चांदीच्या वाटीतल्या खिरीचा पहिला चमचा घरातली मोठी बाई स्वतः चाखते, पोळेल का बघते, मग तोच चमचा पुन्हा खिरीत बुडवून मामाच्या हातात देते. आजीच्या जिभेवरून बाळाच्या जिभेवर चव जाते, असं सासूबाई म्हणत. शार्दूलच्या वेळी त्यांनीच चाखली होती. यावेळी मोठी बाई मी. शार्दूलनं आठवणीनं सांगितलं होतं की आई, ते चाखायचं तूच करायचंस, ते राहायला नको. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. सगळं जग कप जाळत सुटलेलं असताना माझ्या पोराला ही जुनी गोष्ट हवी होती.

मी खीर चाखली. चमचा पुन्हा वाटीत घालणार तेवढ्यात शार्दूलनं तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला. म्हणाला, डॉक्टर सांगतात मोठ्यांच्या लाळेतून दात किडवणारे जंतू जातात, मामाला दुसरा चमचा देऊ. बरोबरच होतं. मी स्वतः लोकांना हेच सांगते. केतकीच्या भावानं दुसऱ्या चमच्यानं घास भरवला, अबोलीनं तोंड वाकडं करून खीर बाहेर ढकलली, सगळे हसले. त्या दुपारी मी कप विसळला नाही की बाटली उघडली नाही. केतकीनं वाढलेलं सगळं जेवले.

पुढच्या आठवड्यात आमच्या सांगली केंद्राकडून आलेल्या नमुन्यांत एक बोळा होता. मागणी एकाच जनुकाची, हंटिंग्टनची. असे वर्षाकाठी थोडेच येतात, त्यामुळे तो मला ठाऊक होता, पण हात लावला नव्हता. काम तहसीन मुजावर करत होती. तहसीन माझी सगळ्यात विश्वासाची सहकारी, हात असे की पिपेटमधून थेंब चुकून कधी पडायचा नाही.

यंत्रानं तो नमुना नाकारला, लाल खूण दिली.

लाल खुणेचा अर्थ भेसळ. आमच्या कामात चोरापेक्षा शिंकेला जास्त घाबरतात. नकला काढणाऱ्या विकराला माणसं ओळखता येत नाहीत. कुणाच्या डोक्यातला कोंडा, बोलताना उडालेला एखादा कण ट्यूबमध्ये पडला तर त्याच्याही कोट्यवधी नकला होतात आणि रोग्याच्या नावावर आमचाच डीएनए जातो. म्हणून खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकाची ओळख यंत्रात आधीच घालून ठेवलेली असते. रोगांची माहिती त्यात नसते, फक्त ओळख पटवणाऱ्या थोड्या जागा असतात. नमुन्यात आमच्यापैकी कुणी सापडलं की यंत्र लाल खूण देतं आणि निदानाचं पान उघडतच नाही. ते उघडायची किल्ली फक्त प्रमुखाकडे, म्हणजे माझ्याकडे.

लाल खुणेपुढे माझंच नाव होतं.

मी आधी स्वतःवर चिडले. त्या सकाळी मी खोलीच्या दारात उभी राहून बोलले होते, मास्क गळ्यात होता. नियम मीच केलेला आणि मीच मोडलेला. पुन्हा करा म्हटलं. दुसऱ्या वेळी मी त्या मजल्यावर फिरकलेही नाही, तरी पुन्हा माझंच नाव. मग मी तहसीनवर घसरले. माझा कोट तुझ्या कोटाला लागून टांगतेस, बाटल्या उघड्या ठेवतेस, इतकी वर्षं काम करून हे शिकलीस का, असं चारचौघांत बोलले. तिनं खाली मान घातली. मी द्रावणांचा अख्खा खोका फेकायला लावला, काम करायची काचपेटी धुवायला लावली, दिवसभर सगळ्यांच्या मागे हात धुऊन लागले. भेसळीचा राग असा असतो की त्यात माणूस दुसरं काही बघत नाही. भेसळ आहे हे आमच्या मनानं एकदा घेतलं की आम्ही झाडू घेऊन निघतो.

तिसऱ्यांदा तेच आल्यावर मी ओळखीचे आलेख समोर घेऊन बसले, आणि पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं ते तेव्हा बघितलं. भेसळ असती तर त्यात दोन माणसं दिसली असती, खरा रोगी आणि वरून पडलेली मी. इथे एकच माणूस होतं. शेजारी नुसत्या पाण्याची ट्यूबही चालवलेली असते, त्यात काहीच निघू नये म्हणून. द्रावणं बिघडलेली असती तर पाण्यातही मी सापडले असते. पाणी स्वच्छ होतं.

त्या बोळ्यात माझ्यावाचून दुसरं कुणी नव्हतंच. तो माझाच होता.

मला एकदम तोंडात खिरीची चव आली, वेलदोड्याची. मी बेसिनपाशी गेले आणि चूळ भरली, पुन्हा भरली, पण ती जाईना. तहसीन मागे येऊन उभी राहिली होती. मी तिला म्हटलं, तुझी काही चूक नव्हती, मी बोलले ते मागे घेते. तिनं काय झालं म्हणून विचारलं नाही. ती हुशार आहे, आणि आलेख तिलाही वाचता येतात. मी तिला एवढंच विचारलं की निदानाचं पान कुणी उघडलंय का. ती म्हणाली, ते तुमच्याशिवाय कुणाला उघडता येत नाही, मॅडम.

ते खरं होतं. पान मिक्सरएवढ्या त्या डब्यात बंद पडून होतं, आणि ते उघडायला माझं एक बोट पुरेसं होतं. जे मला आयुष्यभर कळायला नको होतं ते माझ्यापासून वीतभर अंतरावर ठेवलेलं होतं, आणि ते तिथे माझ्या पोटच्या पोरानं आणून ठेवलं होतं. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून तिथे उभी राहिले, शाळेत शिक्षा झाल्यासारखी.

शार्दूलला मी दुपारी बोलावून घेतलं. तो आला तेव्हा त्याचा चेहरा बघूनच कळलं की नाकबूल करणार नाही. मी त्याला खोलीच्या काचेपाशी नेलं आणि यंत्र दाखवलं. म्हटलं, त्यात तुझ्या आईचं उष्टं आहे. बोळा केव्हा फिरवलास चमच्यावर, अबोली खीर थुंकत होती तेव्हा का आम्ही जेवायला बसलो तेव्हा?

तो म्हणाला, “जेवायला बसलात तेव्हा.”

मग तो बोलायला लागला. अबोली झाल्यापासून त्याला झोप नव्हती. स्वतःची तपासणी करायची हिंमत नव्हती. त्यानं हिशेब असा मांडला होता की माझी तपासणी चांगली आली तर तो आपोआप सुटतो आणि अबोलीही सुटते, त्याला स्वतःचं काहीच तपासावं न लागता. आणि वाईट आली तरी त्याची सुटायची निम्मी शक्यता उरतेच. हिशेबात चूक नव्हती, मीच शिकवलेलं शास्त्र होतं ते. स्वतः विहिरीत उतरायची भीती वाटते म्हणून पोरानं आधी आईला सोडून बघितलं होतं, तळ लागतो का म्हणून. इकडे पाठवलंस तरी कसं, मी इथेच बसते हे ठाऊक असताना, असं मी विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं. सांगलीच्या केंद्राचे नमुने पुण्याला जातात असा त्याचा समज होता.

“मला विचारायचं होतंस,” मी म्हटलं.

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणूनच विचारायचं असतं, शार्दूल.”

तो काचेकडे वळला. मग म्हणाला, “वाईट निघालं असतं तर मी तुला सांगणार नव्हतो. शप्पथ सांगतो. तुला कळलंच नसतं.”

“तू सांगितलं नसतंस. तुझ्या तोंडावर आलं असतं. तुझं तोंड मी तू बोलायच्या आधीपासून वाचत आलेय.”

त्यावर तो रडला. मी त्याला जवळ घेतलं नाही. घ्यायला हवं होतं असं मला आजही वाटत नाही. मला त्याची किळस आली होती, त्या मिशीवाल्या इसमाची येते तशीच, आणि ती आपल्या पोराची येऊ शकते हे कळल्यामुळे स्वतःचीही आली होती. चमच्याची चोरी मी एक वेळ सोडून दिली असती. पण सासूबाईंची ती पद्धत, ती त्यानं हौसेनं मागून घेतली आणि तिचं असं केलं. हे त्याला बोलून दाखवलं आणि घरी जायला सांगितलं. जाताना त्याला एकच म्हटलं की माझं मला कळू न देणं हे आता तुझ्याकडे आहे, ते सांभाळ. त्यानं मान हलवली.

बोळा मी तहसीनदेखत नष्ट केला आणि पान न उघडता पुसून टाकलं. अहवालावर लिहिलं, नमुना अयोग्य. नियमात बसत होतं.

पुढचे काही महिने आम्ही दोघं नीट वागलो. मी सांगलीला जायचे, अबोलीला खेळवायचे, माझ्या बाटलीतलं पाणी प्यायचे. आता मी कंगवाही तिथे वापरत नव्हते. रुमाल पर्समध्ये, पर्स मांडीवर. केतकीनं मला टोमणे मारणं सोडून दिलं होतं, त्यावरून तिलाही कळलं असावं. स्वतःच्या नातीचा पापा घेतल्यावर तिचा गाल पुसणारी मी बहुधा पहिली आजी असेन. पुसताना मला स्वतःचा इतका वीट यायचा की परतीच्या रस्त्यावर मी कुणाशी बोलत नसे. तरी पुसायचे.

संक्रांत झाल्यावर एका रविवारी गेले. अबोली आता धरून उभी राहत होती. केतकी तिला भरवत होती म्हणून मी चहा केला, तिघांचे पेले ताटलीत ठेवले आणि बाहेर आणायला निघाले. शार्दूल सोफ्यावर पेपर वाचत होता. मला ताटली घेऊन येताना बघून तो पेपर टाकून उठला, असा की पेपर जमिनीवर पसरला, आणि दोन ढांगांत माझ्यापाशी येऊन त्यानं ताटली माझ्या हातातून घेतली.

“राहू दे आई, मी घेतो. गरम आहे.”

आयुष्यात या मुलानं स्वतःचा पेलासुद्धा उचलून मोरीत ठेवलेला नाही. माझे हात काही थरथरत नव्हते, चहा ताटलीतही सांडलेला नव्हता. मी सकाळीच बघितलं होतं. त्यानं ताटली खाली ठेवली, माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि मी बसेपर्यंत खुर्चीची पाठ धरून उभा राहिला, माझ्या आईच्या खुर्चीमागे मी उभी राहायचे तसा.

मी चहाला हात लावला नाही. पिशवीतून अबोलीचं झबलं काढायचं निमित्त करून आतल्या खोलीत गेले. दाराचा पडदा जरा बाजूला झालेला होता. शार्दूल खिडकीकडे तोंड करून बसला होता. त्यानं उजवा हात उजेडात पुढे धरला, बोटं पसरली आणि बघत राहिला.

ते बघणं माझ्या ओळखीचं होतं. जो माणूस सुटला आहे तो असं बघत नाही, आणि ज्याला आईचं काही कळलेलं नाही तो तिच्या हातातून ताटली अशी घेत नाही.

म्हणजे त्यानं पुन्हा पाठवलं होतं, पुण्याला किंवा आणखी कुठे, आणि अहवाल आला होता. मला रोग आहे. आणि त्याला असेल किंवा नसेल, इतके दिवस मी जिथे उभी होते तिथे आता तो उभा होता. माझं कशावरून मिळवलं ते मी आजवर विचारलेलं नाही. दाराच्या कडीवरून, चपलेवरून, मिळवणाऱ्याला काहीही पुरतं. त्याला ओढून बाहेर काढावं, केतकीसमोर उभं करावं, असं वाटलं. पण त्याची बोटं उजेडात तशीच ताणलेली होती, आणि ती मीच कधीतरी माझ्या हातात धरून त्याला मोजायला शिकवली होती. मी झबलं घेऊन पाय वाजवत बाहेर आले. त्यानं हात चटकन खिशात घातला.

चहा निवला होता. मी तो सगळा प्यायले, त्यांच्या पेल्यातून, सावकाश. अबोली रांगत आली आणि माझ्या गुडघ्याला धरून उभी राहिली. तिच्या हातात चोखून लगदा झालेलं बिस्कीट होतं, ते तिनं माझ्या ओठांवर दाबलं. मी तोंड उघडलं आणि खाल्लं. तिचा पापा घेतला आणि गाल पुसला नाही.

केतकी आतून म्हणाली, “आई, पेला विसळायचा असेल तर आत्ता नळाला पाणी आहे.”

मी राहू दे म्हटलं, आणि ओठांच्या डागासकट पेला टेबलावर ठेवला, शार्दूलच्या समोर. त्यानं पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग त्याला माझ्याकडे बघवेना.